लवंगेचा तांबडा, वेलदोड्याचा हिरवा

धुळ्यात देवपूरला मी ज्यांच्या वरच्या खोलीत पाच वर्षं भाड्याने राहिले, ते नाना लोकर आणायला जाताना पिशवी नेत नसत, डबे नेत. स्टीलचे, कडीचे, पाच डबे. दुकानात गेलं की "तांबडा द्या" म्हणायचं, गुंडा समोर आला की तिथल्या तिथे डब्यात टाकून झाकण लावायचं, आणि मगच "आता हिरवा द्या." दोन गुंडे एकदम समोर आलेले त्यांना खपायचे नाहीत. दुकानदार वैतागायचा. एकदा मी सोबत होते तेव्हा तो मला म्हणाला, "मॅडम, तुमचे काका लोकर नेतात का दूध?" मी तोंड फिरवून बटणांच्या बरण्या बघत उभी राहिले.

बरं, डबे रिकामेही नसायचे. एकात लवंगा, एकात वेलदोडे, एकात दालचिनी, एकात बडीशेप, एकात जायफळ. तांबडी लोकर लवंगेत, हिरवी वेलदोड्यात, तपकिरी दालचिनीत, केशरी बडीशेपेत, जांभळी जायफळात. का, तर म्हणे कसर लागत नाही. मग निळी, पिवळी आणि पांढरी लोकर उघड्या टोपलीत कशी काय, असं मी विचारलं. नाना म्हणाले, "त्यासले नही लागत." आणि हे मी ऐकून घेतलं. विज्ञान शिकवते मी.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, पण तुम्हाला आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा शहाणपणा नीट बघता येईल. नानांना तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नसे. जन्मापासून. तपकिरी आणि केशरीही त्याच घोळात, आणि जांभळा त्यांना निळाच वाटे. निळं-पिवळं तेवढं लख्ख. लोकर ते डोळ्यांनी नाही, नाकाने ओळखत. दर दोन-चार ओळींनी डबा उचलायचे, हुंगायचे आणि पुढे विणायचे. मी दरवर्षी पोरींना डोळ्याचा धडा शिकवते, रंगांधतेवर हमखास प्रश्न काढते, आणि घरमालकाला मात्र जुनाट सर्दी आहे असं समजत होते. खरी सर्दी झाली की नाना विणायचं बंद करत. मला वाटे, आराम करताहेत.

नाना एका मुलींच्या हायस्कुलात क्लार्क होते. तीस वर्षं. तिथे सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. अंगाने काटकुळे, शर्टाची बाही मनगटापर्यंत बंद, आणि कानावर पेन्सिल. लग्न केलेलं नव्हतं. स्वयंपाक स्वतः करत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी अशी थापत की माझ्या आईनेही फैजपूरहून येऊन मान डोलावली होती. माझी नि त्यांची बोली जरा वेगळी. पहिले सहा महिने ते काय म्हणतात ते मला अर्धंच कळायचं, आणि मी काय म्हणते ते त्यांना सगळं कळायचं, हे जास्त त्रासाचं होतं. मला ते "माय" म्हणत. वयाने मी त्यांच्या मुलीसारखी, पण आपल्याकडे लेकीबाळींना माय म्हणायची पद्धतच आहे, आणि परगावी राहताना रोज सकाळी कुणी असं म्हटलेलं बरं वाटतं. खोटं कशाला बोलू.

विणकाम ते शिकले कसे, तर कानाने. शाळेत त्यांच्या ऑफिसला लागून शिवणवर्ग होता आणि मध्ये नुसतं प्लायवूडचं पार्टिशन, तेही छतापर्यंत न पोचणारं. पलीकडे शिवणाच्या बाई खणखणीत आवाजात सांगायच्या, "दोन सुलट, दोन उलट, धागा पुढे घ्या, दोन टाके एकत्र." अलीकडे नाना पगारबिलं लिहायचे. पहिली काही वर्षं नुसतं ऐकलं. मग एक दिवस सुया आणल्या आणि घरी दार लावून बसले. पण सुया धरायच्या कशा हे बाई हात धरून दाखवत असणार, बोलून नाही. त्यामुळे नानांनी सुया धरल्या त्या आपल्या मनाने. उजवी सुई टाक धरावा तशी आणि डावी काखेत. बघणाऱ्याला वाटावं, ह्या माणसाला काही येत नाही. आणि खाली मांडीवर उतरणारं कापड असं, की एक टाका सैल सापडायचा नाही.

रंगांची निवडही त्यांनी पार्टिशनवरूनच ऐकलेली. बाईंचं म्हणणं ते जसंच्या तसं सांगत. भडक रंग मिठासारखा, चिमटीने घ्यावा. एका कामात पाचाच्या वर रंग घेतलेत तर एकाला तरी नोकरी नसते. आणि शेजारचे दोन रंग निवडताना आधी उजेड-सावली बघा, मग रंग. हे शेवटचं मात्र नाना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त जाणत. कोणता गुंडा गडद, कोणता फिका, ह्यात ते कधी चुकले नाहीत. मला मोबाईलवर गुंड्यांचे फोटो काढायला लावायचे आणि म्हणायचे, "आते काळा-पांढरा कर." तसा केला की बोट ठेवून दाखवायचे, "हाई दोन सारखाच शेतस, शेजारी नको." मला वाटे, काय जुन्या वळणाचा माणूस, रंगीत फोटो आवडत नाही. विणताना गुंता होऊ नये म्हणून प्रत्येक डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडलेलं, त्यातून एकच धागा बाहेर. डबे एका रांगेत, वेलदोडा, दालचिनी, लवंग, जायफळ, बडीशेप अशा ठरलेल्या क्रमाने, आणि ओळ संपून काम उलटवलं की एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. चार-पाच धागे चालू असतानाही मी त्यांचा गुंता झालेला पाहिला नाही. चौकटीच्या वहीत नक्षी काढलेली असे, पण चौकटी रंगवलेल्या नसत. अक्षरं असत. ल, वे, ल, वे, दा. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी ती मसाल्याची कृती समजले आणि मटणाचा की सांबाराचा, असं विचारलंसुद्धा.

त्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी शाल विणायला काढली. मी विचारलं कुणासाठी, तर बराच वेळ सुयाच चालल्या. मग म्हणाले, शिवणाच्या बाईंसाठी. बाई रिटायर झाल्यावर जळगावला मेहरूणमध्ये राहत होत्या आणि आता मेअखेर मुलाकडे बेंगळुरूला कायमच्या जाणार होत्या. बाईंना हे ठाऊकच नव्हतं की भाऊसाहेब विणतात. त्यांच्याकडून शिकले हे तर दूरच. शाळेत त्यांनी कधी कळू दिलं नाही, पुरुषमाणूस सुया घेऊन बसतो म्हटल्यावर स्टाफरूममध्ये काय झालं असतं ते सांगायला नको. "तीस वरीस फुकट शिकनू," नाना म्हणाले. "एकदाव त्यासनाकडथीन तपासी लेवाले पाहिजे ना." एकदा बाईंकडून तपासून घ्यायची, एवढंच. पण मी त्यांना त्या दोन महिन्यांत पाहिलं आहे. दाढी करताना ते आरशात बघून काहीतरी पुटपुटायचे, आणि एकदा जिन्यातून मला ऐकू आलं, "नमस्कार बाई, मी तुमचा विद्यार्थी." मग पुन्हा तेच, जरा हळू आवाजात. मी पाय न वाजवता वर गेले. त्यांचं बाईंवर काही होतं का, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

शाल पांढरी, चारी बाजूंनी तपकिरी काठ, आणि मध्ये तांबडी फुलं हिरव्या पानांत. तांबडा आणि हिरवा सारखेच गडद, म्हणून दोघांच्या मध्ये पांढऱ्याची एक रेघ सोडलेली. एप्रिलअखेर निम्मी झाली आणि तेवढ्यात पिंपळनेरला त्यांच्या भाच्याचं लग्न निघालं. चार दिवस जाताना नानांनी धागे तोडून शाल पेटीत ठेवली आणि मला किल्ली दिली, तुळशीला पाणी घालायला.

आता माझी कर्तबगारी ऐका. पाणी घालायला गेले आणि सहज एक डबा उघडला. वेलदोडे जुने होऊन त्यांचा भुगा झालेला, त्यात बारीक किडे. लवंगांची पूड लोकरीला चिकटलेली. माझ्यातली आई जागी झाली. आमच्याकडे एप्रिलमध्ये घरातली प्रत्येक वस्तू गच्चीवर जाते, उन्हातून जे सुटलं ते वर्षभर टिकत नाही. मी पाचही डब्यांतला मसाला टाकून दिला. लोकर धुतलेल्या चादरीवर दोन दिवस उन्हात पसरली. डबे घासले, पुसले, वाळवले. नव्याने भरताना वाटलं, हे काय वाटेल त्या क्रमाने ठेवलंय, जरा शिस्त लावू. म्हणून तानापिहिनिपाजा लावला. इंद्रधनुष्याचा क्रम, पोरींकडून घोकून घेते तोच. आणि कसर लागू नये म्हणून प्रत्येक डब्यात दोन-दोन डांबराच्या गोळ्या. काम संपल्यावर मी त्या रांगेचा फोटो काढून आईलाही पाठवला. आईने अंगठा दाखवला.

नाना आले. पहिला डबा उघडला, नाक जवळ नेलं, आणि तसेच थांबले. मग दुसरा. मग तिसरा. मी दारात उभी, शाबासकीची वाट बघत.

"बठ्ठं साफ करं का?" त्यांनी विचारलं.

"सगळं. किडे झाले होते नाना."

"बरं करं, माय," ते म्हणाले, आणि झाकणं एकेक करून लावली.

त्यानंतर त्यांनी मला विचारायचा प्रयत्न केला होता, हे मला आता कळतं. दुसऱ्या दिवशी जिन्याखालून हाक मारून म्हणाले, "माय, ह्या पहिला डबामा तू काय घालं?" मी निकालाच्या कामात होते. वरूनच ओरडले, "लोकर, नाना!" दोन दिवसांनी दोन गुंडे हातात घेऊन वर आले आणि म्हणाले, ह्यातला तुला जास्त कोणता आवडतो. मी म्हटलं, दोन्ही छान आहेत. ते गुंडे घेऊन खाली गेले. दुकानात जाऊन विचारता आलं असतं, शेजारणीला विचारता आलं असतं. त्यांनी विचारलं नाही. मसाला बदलला तरी डबे मी जागच्या जागीच ठेवले असतील असं धरून, जुन्याच क्रमाने विणत गेले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. खाटेवर धुतलेली चादर, तिच्यावर शाल पसरलेली. उद्या जळगावला जायचं ठरलेलं. नाना भिंतीला टेकून उभे होते. "कशी शे?"

डावी निम्मी शाल सुरेख होती. तांबडी फुलं, हिरवी पानं. आणि मध्यावर एका ओळीपासून फुलं हिरवी, पानं तांबडी, आणि काठ तपकिरीचा केशरी, तेवढाच गडद.

मी म्हटलं, "नाना, हे अर्ध्यातून उलटं का केलंत?"

नानांचा चेहरा उतरला. शालीजवळ आले, वाकले, तिच्यावरून हात फिरवला. आणि हळूच म्हणाले, "कथाईन?"

कुठून, एवढंच त्यांनी विचारलं. आणि माझ्या डोक्यात एकदम सगळं लागलं. डबे, लवंगा, सर्दी, काळे-पांढरे फोटो.

मग त्यांनी सांगितलं. विसाव्या वर्षी भुसावळला रेल्वेच्या मेडिकलमध्ये ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, त्यात पहिलं पान सोडून त्यांना एकही आकडा वाचता आला नाही. तोवर त्यांना माहीतच नव्हतं की आपल्याला काही कमी दिसतं. नोकरी गेली. साक्रीकडचं एक स्थळ ठरल्यासारखं होतं, तेही मुलाच्या डोळ्यात खोट आहे म्हणून मोडलं. वडील म्हणाले, घरात तुझ्या दोन बहिणी आहेत, आता ही गोष्ट ह्या उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. बहिणींची लग्नं झाली, वडील गेले, बहिणींना नातवंडं झाली. नानांनी शब्द पाळला. कुणी पाळायला सांगणारं उरलं नव्हतं तरीही.

आणि हे ऐकून मी काय केलं? टेबलावरचं सफरचंदाचा फोटो असलेलं कॅलेंडर दाखवून विचारलं, हे कसं दिसतं? माझी ओढणी कोणत्या रंगाची? हे पान? हा डबा? परीक्षा घेतल्यासारखी. नाना चूक-बरोबर देत गेले. शेवटी मीच थांबले, कारण ते घामाघूम झाले होते. त्या वयाच्या माणसाला मी पुन्हा ते ठिपक्यांचं पुस्तक दाखवत बसले होते. लाज वाटली.

"माले नही जानं आते," ते म्हणाले.

मी म्हटलं, मी रंग सांगते, तुम्ही उसवून पुन्हा विणा. पण निम्मी शाल उसवून विणायला तीन आठवडे हवेत आणि बाई आठ दिवसांत जाणार. मी म्हटलं, मग आहे तशी न्यायची. ते नाही म्हणाले. मी भांडले. रडले पण, सांगून टाकते. म्हटलं, घाण मी केली आहे, तोंड मी देते, तुम्ही नुसते चला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. शाल वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बसमधून पारोळा गेलं, एरंडोल गेलं. खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता.

मेहरूणच्या घरात बांधाबांध चालू होती. खोकी, सुतळ्या. बाई म्हणजे ठेंगणीशी, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. "भाऊसाहेब, तुम्ही?" म्हणाल्या, आणि एका खोक्यावरच बसल्या. नानांनी पुडकं पुढे केलं. आरशात घोकलेलं वाक्य काही बाहेर पडलं नाही.

बाईंनी शाल उघडली आणि आधी उलटी केली. मागची बाजू बघितली, धाग्यांची टोकं बोटाने चाचपली. "उलट बाजू स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "कुणी विणली?"

"मी," नाना म्हणाले.

बाईंनी शाल सुलट केली आणि त्यांचं बोट बरोबर त्या ओळीवर येऊन थांबलं. "इथे काय झालं?"

मी तयारीने आले होते. म्हटलं, "बाई, ती मुद्दामच केली आहे. आता अशीच फॅशन आहे, अर्धी एक, अर्धी..."

"नाही," नाना म्हणाले. बाईंशी ते शाळेतलंच मराठी बोलत. "ती खोटं बोलते आहे, माझ्यासाठी. बाई, मला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नाही. लहानपणापासून. मी पार्टिशनच्या पलीकडून तुमचं ऐकून शिकलो. तीस वर्षं. रंगही तुमच्या सांगण्यावरूनच. तुम्ही जाणार म्हणून तपासून घ्यायला आणली होती."

एका दमात बोलले. मी खाली फरशीकडे बघत होते. आता बाई विचारणार, ह्या खिडकीचा पडदा कोणता, माझी साडी कोणती. मी विचारलं होतं तसंच.

बाईंनी शाल मांडीवर नीट पसरली, आणि काठाची एक दुमडलेली कड सरळ केली. "तुम्हाला कशी दिसते ही?" त्यांनी विचारलं.

नानांना प्रश्न कळायला वेळ लागला. मग ते जवळ सरकले, खाली बसले, आणि सांगू लागले. फुलं आणि पानं एकाच रंगाची आहेत म्हणाले, मोहरी मळल्यावरच्या काडासारखी. पण दोघांच्या मध्ये पांढऱ्याची रेघ आहे, म्हणून ती वेगळी कळतात. पांढरं फार पांढरं आहे. काठ मातीचा. सगळी एकसारखी आहे, डावीकडून उजवीकडे, कुठेच तुटत नाही. मला तरी ती फार चांगली दिसते, बाई, असं ते म्हणाले. सत्तरीच्या त्या माणसाला हे आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं होतं, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज स्थिर होत गेला.

बाईंनी शाल उचलली आणि खांद्यावरून ओढून घेतली. नाना घाबरून म्हणाले, "द्या परत, उसवून नीट करतो, पार्सलने पाठवतो." बाई म्हणाल्या, "तपासून झाली आहे. आता ही माझी." मग त्यांनी चहा केला, पोहे केले, तासभर शाळेच्या गप्पा मारल्या, कोण गेलं, कोण कुठे असतं. पंखा खोक्यात बांधून झालेला होता. बाहेर जळगावचं मेचं ऊन. बाईंच्या कपाळावरून, मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या, त्या पदराने पुसत होत्या आणि बोलत होत्या.

परतीच्या बसमध्ये पारोळा येईपर्यंत नाना खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "बाईसले उकडी राहिंतं."

"हो."

"तरी काढी नही."

"नाही काढली, नाना," मी म्हटलं.